पाणी भरणाऱ्या देवास

हे पांडुरंगा, हे द्वारकाधीशा... पण ही नावं मोठ्या देवळांत शोभतात. आमच्या बाजूला तुझं घरचं नाव श्रीखंड्या. पैठणला संत एकनाथांच्या वाड्यात तू बारा वर्षं चंदन उगाळलंस, गोदेवरून कावडीने पाणी आणून रांजण भरलास आणि आपण कोण आहोत याचा कुणाला पत्ता लागू दिला नाहीस. तो रांजण अजून वाड्यात आहे. नाथषष्ठीच्या सुमारास लोक त्यात घागरी ओततात आणि ज्याच्या घागरीने तो भरून वाहू लागतो, त्याच्या रूपाने तू येऊन गेलास असं मानतात. आम्ही छत्रपती संभाजीनगरची माणसं त्याच पैठणच्या पाण्यावर जगतो. मग पाण्याचं गाऱ्हाणं घेऊन दुसऱ्या कुणाच्या दारात जावं?

पैठणचं पाणी शहरात येईपर्यंत काय काय करावं लागतं, ते तुला ऐकवायचं म्हणजे तुलाच शिकवण्यासारखं आहे. तरी ऐक. जायकवाडीच्या नाथसागरातून उपसायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीवर चढवायचं, तिथून जलकुंभांत आणि जलकुंभांतून गल्ल्यांत सोडायचं. सत्तरच्या दशकातली सातशे मिलिमीटरची एक जलवाहिनी आणि नव्वदच्या दशकातली तिच्याहून मोठी दुसरी, या दोघींच्या जिवावर शहर चहूबाजूंनी वाढत गेलं. मग ‘समांतर’ जलवाहिनी आली. खाजगी कंपनीच्या हाती दिलेली ती योजना २०१६ मध्ये गुंडाळली गेली. २०१९ मध्ये १६८० कोटींची नवी योजना मंजूर झाली, तिचा आकडा पुढे २७४० कोटींवर गेला, आणि अडीच हजार मिलिमीटर व्यासाचे पाईप पैठण रस्त्याच्या कडेला येऊन पडले. इतके मोठे की माणूस न वाकता आतून चालत जाईल. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारखा पडत राहिल्या. तोवर आम्ही आठ-आठ दिवसांचा हिशेब बोटांवर ठेवून जगायला शिकलो.

आता, देवा, या पाण्यावर नवा गडी येऊ घातलाय. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, पोरं नुसतं एआय म्हणतात. आज ना उद्या तो आमच्याही नळापर्यंत पोचेल. शेंद्र्याला ऑरिकमध्ये त्याच्या आधीचं बिऱ्हाड येऊन बसलंच आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधलं हे शेंद्रा-बिडकीनचं नवं शहर दहा हजार एकरांचं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या ऑरिक हॉलचं उद्घाटन पंतप्रधानांनी केलं. पाणी, वीज, दिवे, सांडपाणी सगळं एका नियंत्रण कक्षातून बघायचं, अशी ती रचना. जुन्या शहरातही स्मार्ट सिटीच्या पैशातून शेकडो कॅमेरे लागले आणि त्यांचे पडदे पोलीस आयुक्तालयात एका खोलीत आले. म्हणजे डोळे आले. आता त्या डोळ्यांमागे विचार करणारं काहीतरी बसवायचं, एवढंच राहिलंय.

मी त्याच्या विरोधात उभा नाही, हे आधीच सांगतो. या गड्यात एक गुण असा आहे की त्याला लाच चालत नाही आणि त्याला कुणाचा फोन जात नाही. पुढाऱ्याच्या गल्लीत अर्धा तास जास्त, मागच्या वस्तीत अर्धा तास कमी, ही कला त्याला उपजत येत नाही. कुणीतरी शिकवली तरच येईल. म्हणून माझी प्रार्थना त्याच्यासाठी कमी आणि त्याला शिकवणाऱ्यांसाठी जास्त आहे.

त्यांना आमची एक रात्र बघू दे. रात्री दोनला नळ आधी नुसती हवा सोडतो. फुस्स, फुस्स. गल्लीत जो पहिला जागा होतो तो ‘आलं, आलं!’ म्हणून ओरडतो. मग दिवे लागतात, मोटरी घरघरतात, हौदाचं झाकण सरकतं, ड्रम, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा रांगेला लागतो. ज्यांच्या मोटरी मोठ्या त्यांचे हौद आधी भरतात. गल्लीच्या टोकाला, चढावरच्या घरात, धार येईपर्यंत करंगळीएवढी होते आणि तिथली बाई नळाशी कान लावून बसते. पहाटे पाणी जातं. सकाळी सगळे डोळे चोळत वाळूजच्या कारखान्यांच्या बसला उभे असतात.

हे सांगायचं कारण असं की गळती शोधायची जी हुशारी जगभर वापरतात, ती शांत रात्रीच्या भरवशावर चालते. रात्री दोन ते चार शहर झोपलेलं असतं, नळ बंद असतात, तरीही पाईपातून पाणी वाहत असेल तर ते कुठेतरी मुरतंय, असा तो हिशेब. दाब मोजणारी यंत्रं बसवायची, महिनोन् महिने आकडे जमवायचे, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की यंत्र बोट दाखवतं. हे चांगलंच आहे. पण आमच्याकडे रात्री दोनला पाणी आलं तर ती वेळ झोपेची नसते, लग्नघरासारखी लगबगीची असते. आणि बाकीचे सात दिवस पाईप कोरडा असतो, दाब कसला मोजणार? मीटर तर हवेवरही फिरतं. ज्या शहरात नळाला चोवीस तास पाणी असतं तिथे शिकलेला गडी आमच्या गल्लीत येऊन गोंधळेल, आणि गोंधळलेल्या गड्याच्या आकड्यावर साहेब सही करतील. देवा, त्याला आधी आमच्याकडे उमेदवारी करायला लाव.

उमेदवारी कुणाच्या हाताखाली करायची, तेही सुचवतो. लाईनमनच्या. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडला की कोणत्या कॉलनीत पाणी चढतं, कुठे जुनी लाईन नव्या लाईनला जोडलीय पण नकाशात तसं नाही, कुठे डांबराखाली झाकण गडप झालंय, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. कागदावर नाही. लोक त्याला शिव्या देतात, त्याच्या मागे गाडी घेऊन फिरतात, सणावाराला त्याला चहा पाजतात. त्याची ती विद्या काढून यंत्रात भरायची आणि मग त्याला घरी पाठवायचं, असं झालं तर ते पाप आहे, देवा. मी मुद्दाम हा जुना शब्द वापरतो. त्याची माहिती घेतली तर त्याची भाकरीही ठेवावी, आणि यंत्र चुकलं की ‘साहेब, हे असं नाही’ म्हणायचा हक्क त्यालाच असावा.

आणि यादीत नसलेल्यांचं काय? यंत्र जे लिहिलेलं आहे तेच वाचतं. आमच्या शहराची शेवटची झालेली जनगणना २०११ ची, तिच्यात महापालिका हद्दीत पावणेबारा लाख माणसं. त्यानंतर किती आली, किती कुठे राहिली, हे सांगायला अंदाज आहेत आणि अंदाजांवर अंदाज आहेत. गुंठेवारीच्या वसाहतींत आयुष्य काढलेली घरं वर्षानुवर्षं कागदावर नव्हतीच. वीस बाय तीसचा प्लॉट, शंभर रुपयांचा बाँड, आणि त्यावर उभा राहिलेला अख्खा संसार. तिथे नळ नाही म्हणून नळाचा वापर शून्य. वापर शून्य म्हणून यंत्राच्या लेखी मागणीही शून्य. टँकर आणि जारवर जो पगार जातो तो कोणत्याच खात्यात दिसत नाही. देवा, जिथे आकडा नाही तिथे तहान नाही, असं या गड्याने समजू नये. रकाना रिकामा दिसला तर त्याने थांबावं आणि कुणाला तरी विचारावं.

नाथांची एक गोष्ट तुला आवडत असणार, कारण ती तुझ्यासमोर घडली. काशीची गंगा कावडीत घालून रामेश्वराला अभिषेकाला नेत होते. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होतं. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी गाढवाच्या तोंडात ओतलं. बरोबरचे लोक हळहळले. आता या गड्याच्या हाती ती कावड दिली असती तर? त्याला सांगितलेलं काम रामेश्वरापर्यंत एक थेंबही न सांडता पाणी पोचवायचं. त्याने ते चोख केलं असतं, नाथांपेक्षा कमी वेळात. लाभार्थींच्या यादीत गाढव नव्हतं. आजचा माझा सगळा घोर या एका गोष्टीत आहे. शहरं जेव्हा अशा गड्याच्या हाती जातील तेव्हा वाटेत कावड उतरवायचा अधिकार कुणाकडे असेल?

अधिकार असला की काय होतं तेही आम्ही पाहिलंय. २०१६ च्या दुष्काळात इथल्या खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्मी कपात केली. कारखान्यांचं मंजूर पाणी होतं, करार होते, सगळं कागदोपत्री बरोबर होतं. तरी कुणीतरी माणसाने म्हटलं की आधी पिण्याचं. दुसरीकडे जायकवाडीचं सूत्र बघ. १५ ऑक्टोबरला धरणात ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. सूत्र गणिताचं, समन्यायी वाटपाचं, कायद्याच्या आधाराचं. पण तूट पडलेल्या वर्षी मोर्चे निघतात, कोर्टात धाव घेतली जाते, बैठका होतात, आणि धरणाचं दार उघडायचं की नाही हे शेवटी माणसंच ठरवतात. सूत्रामुळे भांडण मिटलं नाही. पण भांडायला एक धरबंध मिळाला, हेही खरं. गड्याकडून मला तेवढंच हवंय.

आमच्या शहरात हुशारीची कमतरता कधीच नव्हती. नाथांनी समाधी घेतल्यानंतर अकरा वर्षांनी, १६१० मध्ये, मलिक अंबरने खडकी गाव राजधानी म्हणून वसवलं. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस. त्याने डोंगरांतलं पाणी जमिनीखालून, मातीच्या नळांतून, नुसत्या उताराच्या बळावर शहरात आणलं. ना पंप, ना वीज. ती नहर-ए-अंबरी. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीवर पडणारं पाणी हर्सूलकडून अशाच नहरीने येत असे, बेगमपुऱ्यात थत्ते हौद आहे. गावाचं नाव खडकीचं फतेहनगर झालं, औरंगाबाद झालं, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. राज्यं गेली, नहरी पाणी देत राहिल्या. त्यांचं पुढे काय झालं? वर घरं बांधली, पाया खणताना नळ फोडले, भोकांत कचरा टाकला. तीनशे-चारशे वर्षं टिकणारी यंत्रणा आम्ही पन्नास वर्षांत बुजवली, आणि तेव्हा कोणताही एआय नव्हता. हे मी त्याच्या बाजूने सांगतोय, देवा. शहराची वाट लावायला यंत्र लागत नाही.

कचऱ्याचंही तसंच. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगाव-मांडकीच्या लोकांनी गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं अख्ख्या शहराचा कचरा त्यांच्या शिवारात पडत होता, विहिरी नासल्या होत्या. मग महिनोन् महिने शहरात रस्त्याकडेला ढीग. मिटमिट्याला गाड्या नेल्या तर तिथे दगडफेक, लाठीमार. उद्या यंत्राला विचारलं की कचरा टाकायला सगळ्यांत स्वस्त जागा शोध, तर ते नकाशा, जमिनीचे भाव, रस्ते, डिझेल हे सगळं जुळवून क्षणात उत्तर देईल. आणि ते उत्तर दुसरं नारेगावच असेल. जमीन स्वस्त तिथेच असते जिथे ओरडणाऱ्याचा आवाज पोचत नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या जिभेवर तू बस, देवा. ‘स्वस्त’च्या आधी त्याच्या तोंडून दुसरा एखादा शब्द निघू दे.

कॅमेऱ्यांबद्दल थोडंच बोलतो, कारण हा विषय आमच्या शहरात लगेच पेट घेतो. २०१८ च्या मे महिन्यात शहागंज-राजाबाजार भागात दुकानं जळाली, २०२३ च्या मार्चमध्ये किराडपुऱ्यात गाड्या जळाल्या. कॅमेरे लागावेत, जाळणारा सापडावा, याला कोण नाही म्हणेल? पण यंत्र मागच्या नोंदींवरून पुढचा संशय धरतं. ज्या गल्लीत आधी जास्त पोलीस गेले, तिथले गुन्हे जास्त नोंदले गेले, म्हणून पुन्हा तिथेच पोलीस जावेत, असं ते चक्र. तिथल्या शिकवणीला जाणाऱ्या पोराच्या कपाळावर त्याच्या गल्लीचं नाव चिकटू देऊ नकोस. तू स्वतः वेष पालटून राहणारा. चेहऱ्यावरून माणूस ओळखता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

आणि सिग्नल. जालना रोडवरचे सिग्नल गाड्या मोजून वेळ ठरवायला लागले तर पेट्रोल वाचेल, धूर कमी होईल. कोलकाता आणि बंगळुरूला गूगलने सिग्नलच्या वेळा सुधारायचे प्रयोग केलेत. फक्त, मोजणी गाड्यांची असते. बीड-परभणीहून घाटी रुग्णालयात उपचाराला आलेली म्हातारी, एका हातात फाईल आणि दुसऱ्या हातात सलाईन लावलेल्या नवऱ्याचा हात धरून रस्ता ओलांडायला उभी असते, तिला इंजिन नाही. तिचीही मोजणी व्हावी.

दुसऱ्यांचे अनुभव आमच्या कामी येऊ देत. शेजारच्या तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाच्या व्यवस्थेने सरकारी नोंदी एकमेकांशी जुळवल्या. नावात नाव मिसळलं, गरिबाच्या नावावर चारचाकी दिसली, आणि रेशन बंद झालं. ज्यांचं बंद झालं त्यांनी आपल्याकडे गाडी नाही हे सिद्ध करायचं! नसलेली गाडी दाखवायची कशी? युरोपातल्या नेदरलँड्समध्ये यंत्राने हजारो आईबापांना भत्त्याचे चोर ठरवलं. तिथे निदान २०२१ मध्ये त्यापायी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आमच्याकडे राजीनाम्याची अपेक्षा मी तुझ्याकडेही करत नाही, आवाक्यातलंच मागावं.

अजून एक बारीक गोष्ट. या गड्यालाही पाणी लागतं. त्याची डोकी ज्या कोठारांत ठेवतात ती तापतात आणि बऱ्याच ठिकाणी ती गार करायला पाणीच वापरतात. मराठवाड्यात उद्या असं कोठार आलं तर त्याचं पाणी कोणत्या नळातून जाणार, हे आधी विचारायची बुद्धी आम्हाला दे. नोकऱ्या किती, हा प्रश्न आम्ही विचारतोच. आधी आपल्या पोरांना काम मिळावं, हा हट्टही चुकीचा नाही. बिडकीनच्या शेतकऱ्याने जमीन दिली ती त्याच आशेवर. त्याच्या मुलीला त्या नियंत्रण कक्षात खुर्ची मिळावी, नुसती दारावरची नोकरी नको.

तर आता मागणं सांगतो, आणि ते लांबवत नाही.

पाणी किती दिवसांनी, कोणत्या टाकीवरून, कोणत्या वस्तीला किती वेळ, हे यंत्राने ठरवलं तर ते वॉर्ड कार्यालयाच्या भिंतीवर मराठीत आणि उर्दूत लावलेलं असावं. सगळ्या वस्त्यांचं एका कागदावर, म्हणजे टोकाच्या गल्लीला शेजारच्या कॉलनीशी ताडून बघता येईल. त्या कागदाखाली ‘संगणकप्रणालीद्वारे’ असा शिक्का नको, एका माणसाचं नाव आणि सही हवी. २०२० च्या एप्रिलपासून पाच वर्षांहून जास्त काळ या शहरात नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. कुणाला जाब विचारायचा हेच कळेनासं झालं होतं. पुन्हा तसं व्हायला नको, आणि या वेळी तर समोर माणूसही नसेल. म्हणून त्या सहीच्या माणसाला यंत्राचं म्हणणं बाजूला ठेवायचा, कावड वाटेत उतरवायचा अधिकार असावा, आणि त्याने तो का वापरला किंवा का नाही वापरला हे त्याला विचारता यावं. लाईनमनला विचारल्याशिवाय नकाशा पक्का होऊ नये. ज्या घरी नळ नाही त्यांची नावं आधी लिहून घ्यावीत, मग गणित मांडावं.

आणि तक्रारीसाठी मोबाइलमध्ये ॲप ठेवावं, हवं तर बोलणारं यंत्र ठेवावं, पण एक खिडकीही राहू दे. ती सकाळी दहाला उघडावी, देवा, आणि साडेदहाला कुणी ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असं सांगू नये.